कुडावरची तुझी बोटं

दिल्या, तुझ्या तेराव्याला मला बोलायला उभं केलं. "दिलीपचा जिवाभावाचा मित्र" म्हणून माझं नाव पुकारलं. मी उठलो, हात जोडले, गळा भरून आल्यासारखं केलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, पेंटरला दुःख आवरेना. गळा वगैरे काही भरून आला नव्हता. तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या, आणि समोर मंगलवहिनी बसल्या होत्या, म्हणून गप्प राहिलो.

आता इथे कुणी नाही, तर सांगतो. तू मला फसवलंस. माझ्या घरात आईच्या फोटोशेजारी एक फ्रेम आहे. आईने सारवलेल्या भिंतीचा फोटो म्हणून तूच ती मला दिलीस. वर्षभर रोज अंघोळ झाली की मी आधी आईला आणि मग त्या भिंतीला हात जोडायचो. ती भिंत आईची नव्हतीच. तुझ्या घरामागच्या न्हाणीची भिंत होती ती, आणि तिच्यावरची बोटं तुझी. एक वर्ष मी तुझ्या बोटांच्या पाया पडलो. तू माझ्या घरी यायचास, त्या फ्रेमसमोर बसून चहा प्यायचास, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुर करायचास. तुझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही कधी.

हे मला कसं कळलं तेही ऐक. तू गेल्याच्या दहाव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचा एक बरा फोटो शोधून द्या ना. पोरांना बॅनर करायचाय." म्हणजे तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स. ज्या फ्लेक्सने माझा धंदा बसवला, त्याच्यासाठी फोटो शोधायला मी तुझ्या दुकानात तुझ्या खुर्चीवर बसलो. तुझा फोटो सापडला, म्हसा गावच्या जत्रेतला, उन्हाने डोळे बारीक केलेला. आणि त्याच्या खालच्याच फोल्डरमध्ये ते सापडलं.

पण तिथवर यायच्या आधी मला थोडं मागे जायचंय. राग आहे म्हणून काय झालं, इतकी वर्षं काही नुसतीच वाया गेली नाहीत.

मी तुझ्या दुकानात पहिल्यांदा आलो तो पाटी रंगवायचं काम मागायला. शहापूरच्या एसटी स्टँडजवळ तू झेरॉक्स आणि कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान टाकलं होतंस. शहापूरपासून मुरबाडपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या, आणि एकेक करून त्या उतरत होत्या. तू म्हणालास, "पाटीचं झालं रे, फ्लेक्स लावला. पण बस, चहा घे." आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळवलीस. "पेंटर मानूस हायस ना तू? ही भिंत बघ. काय दिसतं?"

मी म्हणालो, "गोणपाट."

"दगडाची भिंत हाय ती!" तू इतका हसलास की झेरॉक्सला आलेल्या बाई दचकल्या.

ती तुझी आवडती जुनी गेम होती. कुठल्याशा परदेशातलं एक डोंगराळ गाव. आपण त्यात चालत फिरायचं, घराघरांत शिरायचं, दारं उघडायची, हरवलेल्या वस्तू शोधायच्या. तू कॉलेजात असताना ती सीडीवर खेळला होतास. तेव्हा ती भारी वाटायची म्हणे. आता मोठ्या स्क्रीनवर तिची लक्तरं दिसत होती. भिंत जवळून बघितली की नुसते चौकोन. झाडाची पानं म्हणजे हिरवे डाग.

मग तू मला ते वेड समजावलंस. जगभर असे लोक आहेत, ज्यांना आपली जुनी गेम सोडवत नाही. बनवणारी कंपनी तिला विसरून गेली, पण हे लोक आतली धूसर चित्रं काढतात, त्या जागी स्वतः केलेली चांगली चित्रं बसवतात आणि कुणालाही फुकट देऊन टाकतात. त्याला मॉड म्हणतात. गेम तीच राहते, फक्त तिला नवे कपडे मिळतात. "चित्र बसवायचं काम मला जमतं," तू म्हणालास, "पन चित्र काढायचं नाय जमत. तुला काम नाय, मला हात नाय."

असा आपला संसार सुरू झाला. हातात काम नसलेल्या माणसाला कुणी "तुझ्या हाताची गरज आहे" म्हणालं की तो कुठेही जातो. मी तर नुसता शेणवे गावातून शहापूरला येत होतो. ते तुझे उपकार मी आजही मानतो. राग आला म्हणून खोटं कशाला बोलू?

आधी आपण त्यांची दगडी भिंतच नीट करत होतो. मी रंगवायचो, तू बसवायचास. पण माझ्या हातून ते परदेशी दगड काही उतरेनात. बघितलेच नव्हते तर उतरणार कुठून. एके दिवशी तू म्हणालास, "च्यायला, आपलंच गाव घालू की." मी म्हटलं, "ते गोरे लोक काय म्हणतील?" "काय म्हनतील? फिरतील आपल्या गावात."

मग आपण तुझ्या मोटरसायकलवरून चित्रं गोळा करत हिंडलो. ढगाळ दिवस बघून निघायचं, कारण उन्हात काढलेल्या फोटोत सावली येते, आणि ती सावली गेममध्ये चुकीच्या बाजूला पडते. बाकी जग ऊन पडलं की फिरायला निघतं, आपण मळभ दाटलं की निघायचो. तू टोकावड्याच्या वाटेवर सागाच्या पानांचे फोटो काढत बसायचास आणि मी तुझ्या डोक्यावर छत्री धरायचो, पाऊस नसतानाही, उजेड सारखा पडावा म्हणून. गुराखी थांबून बघायचे. एकाने विचारलं होतं, "सर्वेवाले हाव का तुमी? कुठली जमीन जानार?"

म्हशाच्या जत्रेत तर मार खायची वेळ आली होती. तुला बैलांच्या झुली हव्या होत्या, गेममधल्या परदेशी गाईंना घालायला. तू कॅमेरा काढलास आणि एक म्हातारा काठी घेऊन धावला. "फोटू नाय काडायचा बैलाचा! दिष्ट लागल!" तू शांतपणे म्हणालास, "बाबा, बैलाचा नाय काडत, झुलीचा काडतो." त्याने जरा विचार केला आणि बैलाच्या अंगावरची झूल सोडून जमिनीवर पसरली. "काड मग." त्या झुलीचा फोटो अजून गेममध्ये आहे, आणि तिच्या एका कोपऱ्यात त्या म्हाताऱ्याचा अंगठा आहे.

आणि मग आईची भिंत.

आमच्या जुन्या घराला पुढून विटांची भिंत होती, मागच्या पडवीला कारवीच्या काठ्यांचा कूड. दर दिवाळीच्या आधी आई तो शेणमातीने सारवायची. तिने ओढलेल्या हाताचे फराटे भिंतभर उमटायचे, एकाखाली एक, कमानीसारखे. चार बोटांचे चार पट्टे. त्यातला तिसरा फिका असायचा, कारण भात कापताना विळा लागून तिचं करंगळीजवळचं बोट आखडलं होतं, ते भिंतीला नीट टेकायचं नाही. तू ती भिंत बघितलीस आणि उभाच राहिलास. आई मागून ओरडली, "अरे ती पाठची बाजू कशाला काडतोस? पुढची काड की, चांगली हाय."

ती भिंत आपण गेममधल्या सगळ्या घरांना लावली. एकच चित्र सलग लावलं की जोड दिसतो, म्हणून तू एकदा सुलटं आणि एकदा उलटं लावायचास, आरशात दिसतं तसं. जोड साफ लपला. आपण ते इंटरनेटवर टाकलं आणि पोलंडच्या कुणा माणसाने विचारलं की ही भिंत कशाची आहे, फार सुंदर आहे. तू अर्धा तास डोकं खाजवलंस. गाय, शेण, माती, कारवी हे सगळं त्याला इंग्रजीत कसं सांगणार? शेवटी लिहिलंस, "ऑरगॅनिक प्लास्टर." मी आठवडाभर तुला त्यावरून छळलं.

आईला दाखवायला मी तिला दुकानात घेऊन आलो होतो. ती स्टुलावर बसली, चष्मा पुसला, आणि त्या गावात आपण तिला फिरवलं. मग म्हणाली, "गोऱ्यांच्या घराला माझी भिंत?" तू म्हणालास, "हो, आई. अख्ख्या गावाला." तिने विचारलं, "तिकडं पाऊस किती असतो? खालून ओल धरली की पोपडं निघतील, सांगून ठेव त्यांना." तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "सांगतो." त्या उत्तरासाठी मी तुझ्यावर जीव टाकला होता, दिल्या. माझ्या आईला तू हसला नाहीस.

पुढे आई गेली. दोन वर्षांनी मी घर बांधायला काढलं आणि पडवीचा कूड पाडायचा दिवस आला. कामाला आलेल्या गड्यांना मी थांबवलं आणि तुला फोन केला. आठवतं? मी विचारलं, "तो फोटो आहे ना रे नीट?" तू म्हणालास, "हाय ना. कुठं जातोय? बिनधास्त पाड."

मी बिनधास्त पाडला. माझ्याकडे तेव्हा साधा बटणाचा फोन. दुसरा फोटो कुठेच नव्हता. तुझ्यापाशी आहे म्हणजे माझ्यापाशीच आहे, असं मी धरून चाललो होतो. कूड पाडताना धूळ उडाली ती मी नीट बघितलीसुद्धा नाही. विटा उतरवून घेत होतो.

मग ते यंत्र आलं. म्हणजे तो प्रोग्राम, जुनं लहान चित्र घालायचं आणि तो मोठं, रेखीव करून देतो. जे दिसत नाही ते अंदाजाने भरतो. तू खुळावलास. मॉड वापरणारे लोक तुझ्या मागे लागले होते, नव्या स्क्रीन मोठ्या झाल्या, चित्र अजून साफ पाहिजे. तू मला न विचारता आपली सगळी चित्रं त्या प्रोग्राममधून काढलीस आणि नवा मॉड टाकून मोकळा झालास. मला म्हणालास, "बघ, सहा वर्षांचं काम एका दिवसात झालं." कौतुकाने म्हणालास. माझी सहा वर्षं एका दिवसाची निघाली, यात कौतुक काय होतं ते मला अजून समजलेलं नाही.

मी त्या गावात फिरलो. सागाची पानं छान झाली होती, मान्य. झूल तर झळकत होती. आणि घरांच्या भिंती गुळगुळीत होत्या. सिमेंटचा गिलावा केल्यासारख्या. आईचे फराटे त्या यंत्राला खराबी वाटले आणि त्याने पुसून टाकले.

मी तुला विचारलं, "आई कुठाय?"

तू आधी समजलाच नाहीस. मग म्हणालास, "अरे, ते नॉइज धरलं त्याने. लोकांना शार्प पायजे रे, पेंटर."

"लोकांच्या आईची भिंत आहे का ती?"

"ओरिजिनल हाय ना आपल्याकडं. परत बसवू."

मग दोन वर्षं तेच. कधीही विचारलं की "ओरिजिनल हाय रे, देतो." कधी हार्डडिस्क घरी राहिलेली असायची, कधी वायर मिळत नसायची, कधी गिऱ्हाइकांची फॉर्म भरायची गडबड. आपण भांडायचो ते यंत्रावरून, हातावरून. मी म्हणायचो, यंत्राला भिंत कळते, माणूस कळत नाही. तू म्हणायचास, तू फ्लेक्सवरचा राग कॉम्प्युटरवर काढतोस. ते थोडं खरंही होतं. एकदा तर मी तुझ्या काउंटरवर हात आपटून म्हणालो होतो, "चाळीस वर्षं ब्रश धरलाय मी. कुणाचा फराटा आहे ते मी डोळे मिटून सांगीन!" तू खाली बघितलंस. मला वाटलं, मुद्दा पटला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तू घरी आलास, काखेत फ्रेम. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "घे बाबा, तुझी आई," म्हणालास. मी कागद फाडला. तेच फराटे. चार पट्टे, त्यातला एक फिका. मुरबाडहून ताई आली होती त्या दिवशी, माझी मोठी बहीण, ती चहा ठेवायला उठली होती ती दारातच थांबली. मी तुझा हात धरून रडलो. दोन वर्षं तुला घालूनपाडून बोललो त्याची माफी मागितली. आणि तू ती घेतलीस. "असू दे रे," म्हणालास.

माफी कशी घेतलीस रे? एवढंच मला सांग. बाकी सगळं मी कसंबसं गिळीन.

कारण तुझ्या कॉम्प्युटरवर काय होतं ते आता मी बघितलंय. आईच्या भिंतीची मूळ फाइल नाहीच. त्या प्रोग्रामने केलेलं गुळगुळीत चित्र तू त्याच नावाने तिच्यावरच सेव्ह केलंस, कॅमेऱ्यातलं कार्ड त्याच्या कितीतरी आधी मोकळं केलेलं, आणि इंटरनेटवरचा जुना मॉडही नवा टाकताना पुसून टाकलेला. म्हणजे मी पहिल्यांदा "आई कुठाय" विचारलं, त्याच दिवशी ती गेलेली होती. दोन वर्षं तू नसलेली वस्तू "देतो, देतो" म्हणत होतास.

आणि खालचं फोल्डर. "भिंत" नावाचं. त्यात तुझ्या न्हाणीच्या भिंतीचे फोटो, एकतीस. पहिल्यात नुसता चिखल फासलेला. दहाव्यात फराटे आहेत पण वेडेवाकडे. विसाव्याच्या पुढे कमान जमायला लागते. शेवटच्या चारपाचांत तू एक बोट दुमडून ओढलंयस, तिसरा पट्टा फिका यावा म्हणून. शेवटचा फोटो म्हणजे माझ्या घरातली फ्रेम. कोपऱ्यातली गवताची काडीसुद्धा तीच. तुला शेणाचा वास सहन व्हायचा नाही. माझ्या अंगणात यायचास तर नाकाला रुमाल लावून. आणि तू एकतीस वेळा शेणात हात घातलास.

हे प्रेमाने केलंस असं कुणी म्हणेल. वहिनीही तेच म्हणाल्या. मी त्यांना सरळ विचारलं. त्या आधी पदर चाळवत राहिल्या, मग म्हणाल्या, "शेन मीच कालवून द्यायची. म्हनायचे, सुरेशला कळता कामा नये, त्याचा जीव जाईल. मी म्हनलं, खरं सांगून टाका ना एकदाचं. तर म्हनाले, खरं सांगितलं तर तो दुकानाची पायरी चढनार नाय."

बरोबर ओळखलंस. नसती चढली. वर्षभर चढलो नसतो, दोन वर्षं नसती चढली. मग कधीतरी चढलो असतो, दिल्या. तेवढी सवड तू मला द्यायला हवी होतीस. माझ्या रागाला भिऊन तू माझ्या आईची नक्कल केलीस, आणि मला तिच्यापुढे रोज उभं केलंस. चोरी झालेल्या देव्हाऱ्यात कुणी बाजारातली मूर्ती आणून ठेवावी आणि पुजाऱ्याला सांगूही नये, तसं. आणि भांडायला मी आलो तर तू खुर्चीत नाहीस, फ्लेक्सवर आहेस, डोळे बारीक करून हसतोयस.

आठ दिवस मी ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. फोडावीशी वाटत होती. हात गेला की आठवायचं, यातली बोटं तुझी आहेत, आणि आता तीही पुन्हा मिळायची नाहीत. मग ठेवून द्यायचो. माझ्याच घरात मला तिच्याकडे पाठ करून जेवावं लागत होतं.

काल रविवारी ताई आली. फ्रेम उलटी बघून तिने काही न विचारता सुलटी केली. मला राहवलं नाही. म्हटलं, ताई, बस, तुला काहीतरी सांगायचंय. आणि सगळं सांगितलं. मूळ फोटो गेला ते, न्हाणीची भिंत, एकतीस फोटो, दुमडलेलं बोट. मला वाटलं ती रडेल, निदान तुला दोन शब्द बोलेल.

ती म्हणाली, "ठाव हाय मला."

"कोणी सांगितलं? वहिनींनी?"

"कोनी कशाला सांगाया पायजे? पयल्याच दिवशी दिसलं. हा उजवा हात हाय, सुऱ्या. आई डाव्या हातानं सारवायची."

मी म्हणालो, काहीतरीच काय, आई सगळं उजव्या हाताने करायची. जेवायची, वाढायची, विळासुद्धा उजव्याच हातात धरायची. मी काय परका आहे का तिला?

"बाकी सगळं उजव्यानं," ताई म्हणाली. "कूड सारवायचा तेवढा डाव्यानं. उजवा हात खांद्याच्या वर जायचाच नाय तिचा. रानात लाकडाची मोळी अंगावर पडली, तवापासून. मी तिच्या उजव्या अंगाला बसायची शेन घेऊन, दुसऱ्या बाजूला बसलं तर कोपर लागायचं. तू तवा कल्याणला होतास, पाट्या शिकाया." ती उठली, आपला डावा हात काचेवर ठेवून ओढून दाखवला. बोटं फराट्यांच्या बाहेर गेली. मग उजवा ठेवला. चारही बोटं चारही पट्ट्यांवर बरोबर फिरली.

विळा उजव्या हातात म्हणजे भाताची मूठ डाव्या हातात. म्हणजे कापलेलं बोटही डाव्याच हाताचं. हे तर मला आधीपासून ठाऊक होतं, मीच ते धरून बांधलं होतं एकदा. आणि भिंतीवर तेच बोट फिकं उमटतं, हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. गेममध्ये आपण ते चित्र उलटंसुलटं लावलं होतं, दोन्हीकडच्या कमानी डोळ्यांत बसल्या होत्या, असं मी स्वतःला सांगून बघितलं. ताईने तर ती गेम कधी बघितलीच नव्हती.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू त्यांचा हात धरून लहान पोरासारखा रडत होतास. मी दारात हुबी. दिलीपभाऊंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं, मला कळलंय म्हनून. त्यांनी नुसती मान हलवली, सांगू नका अशी." ताईने काच पदराने पुसली. "मग काय बोलू?"

म्हणजे त्या दिवशी खोलीत आपण तिघं होतो आणि दोघांना माहीत होतं. चाळीस वर्षं ब्रश धरलेला, डोळे मिटून फराटा ओळखणारा, तो एकटाच रडत होता.

ताई संध्याकाळच्या गाडीने मुरबाडला गेली. फ्रेम तिनेच पुन्हा जागेवर लावली आणि मी काढलेली नाही.

तू मला फसवलंस, हे मी मागे घेत नाही, दिल्या. जन्मभर घेणार नाही. पण दोन वर्षं मी तुझ्याशी ज्या गोष्टीवरून भांडलो ती आज माझ्याच गळ्यात आलीय. त्या यंत्राला आईचा हात ओळखता आला नाही, म्हणून मी तुला काय काय बोललो. ते यंत्र निदान तिच्या हातचं जेवलेलं नव्हतं. आईचा खांदा दुखतो, हे मला ठाऊक होतं. दर खेपेला कल्याणहून घरी येताना मी तिच्यासाठी मलमाची ट्यूब आणायचो, आणि ती कोणत्या खांद्याला लावते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.